पोकळ जागेवरची सहा घरं

वरची वाडी
नागपंचमी झाल्यावरचा शुक्रवार

निशिगंधा,

तुझ्या आईनं नाव एवढं लांब ठेवलंय की लिहिताना माझी निम्मी ओळ जाते. हितनं पुढं निशू लिहीन. राग आला तर येऊ दे. आधीचा राग हायच, त्यात हा घाल.

माफी मागायला कागद घेतलेला न्हाय. गावसभेत मी बोलले ते बोलले. माइक सरपंचानं माझ्या हातात दिला, मी मागितला नव्हता. "ही माझी नात न्हाय, कंपनीची बाई हाय" असं मी म्हटलं, सगळी वाडी हसली, आणि तू खाण बंद करायचा नकाशा गुंडाळून तशीच उपाशी गाडीत बसलीस. तवापासून फोन उचलत न्हाईस. ते एका अर्थानं बरंच झालं. फोनवर मी आधी बोलते आणि मग विचार करते. कागदावर तसं होत न्हाय. तिसरीपर्यंत शिकलेला हात, जोडाक्षर आलं की थांबतोय. थांबला की डोकं चालतंय.

लिहायचं कारण एवढंच की तू आमच्या वाडीला एक काम लावून गेलीस, त्याची खबर तुला पायजे असं तुझा बाप म्हणाला. बाबासो वारणानगरला दुधाचा टँकर चालवतोय, बायकोच्या साडीचा रंग विचार, त्याला सांगता यायचा न्हाय. पण एवढा निरोप त्यानं बरोबर आणला.

तर ऐक. सहाही घरांच्या काचा जाग्यावर हायत. भिंतीला जिथं चीर हाय तिथं तू दोन बाजूंना सिमेटचे गोळे लावून वर आडवी काचेची पट्टी चिकटवलीस. चीर रुंदावली तर काच तडकणार. काच तडकली म्हणजे घराखालचा खाणीचा बोगदा हलला, आणि मग त्या घरातली माणसं त्याच दिवशी बाहेर काढून पत्र्याच्या शेडात ठेवायची. सभेत तू हे सांगितलंस ते आमच्या बायकांना कळलं. लई चांगलं कळलं. तुझ्या हाताखालचा आदर्श दर महिन्याला येऊन काचांचे फोटो काढून जातोय. गुणी पोरगा हाय. चहात साखर जास्त लागती त्याला.

बाकी पंचमीला एक तमाशा झाला. खाण कायमची बंद करायची म्हणून कंपनीची माणसं बोगद्याच्या तोंडाशी भिंत बांधायला आली आणि पाया खणायला लागली. नेमकी पंचमीला! आम्ही सगळ्या बायका जाऊन कुदळीच्या पुढ्यात बसलो. त्या दिवशी मातीला लोखंड लावत न्हाईत एवढं कळत न्हाय व्हय? मुकादम म्हणाला, "आजी, वीस वर्सं ह्या डोंगराचं पोट पोखरून फाउंड्रीला वाळू न्हेली, तवा पंचमी येत नव्हती काय?"

मी म्हटलं, "येत हुती की. पण तवा पगार पण येत हुता."

त्यो हसला आणि माणसं घेऊन गेला.

एक विचारायचं हुतं. ती काच किती जाडीची असती? सहज विचारलं.

तुझी आजी
शालूबाई

&nbsp;

वरची वाडी
श्रावणातला शेवटचा सोमवार

निशू,

तुझं पत्र मिळालं. दुसऱ्यांच्या नाती आजीला जेवलीस का विचारत्यात, तू विचारतीस काचेच्या जाडीचं कशाला पायजे. सांगितलं की, सहज. म्हाताऱ्या माणसाला सहज काय विचारायची पण चोरी.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. शेजारच्या आक्काताईच्या मागच्या भिंतीची चीर हाय तेवढीच हाय. तिला स्वतःला विचारलं तर ती म्हणती, "माझ्या भिंतीपेक्षा माझ्या सुनेच्या कपाळावर जास्त आठ्या हायत." सून म्हणजे वर्षाराणी, तिच्या पोराची, केरबाची बायको. दोघींचं जमत न्हाय, पण म्हशीच्या धारेला दोघी एकत्र बसत्यात.

आक्काताईच्या नवऱ्याच्या फोटोला आता काच न्हाय. नुसता कागद भिंतीवर, माशा बसत्यात त्याच्या मिशीवर. मी विचारलं तर म्हणाली, "जिता असताना ह्या घराला एक वीट लावली न्हाय त्यानं. आता तरी उपयोगी पडू दे." मग माझ्याकडं बघून गप बसली. मी पण गप बसले. तू पण बस.

केरबा परवा कोल्हापुरात गेलता. शाहूपुरीतल्या फ्रेमवाल्याकडनं फोटोच्या काचा लांबट कापून आणल्या, अख्ख्या वाडीच्या. सगळ्यांचे फोटो एकदम कसे फुटले म्हणून फ्रेमवाल्यानं विचारलं. केरबा म्हणाला, "भूकंप झालता, पावणं." येताना जोतिबालाही जाऊन आला, गुलाल उधळून. देवाला काय मागितलं ते सांगत न्हाय, पण गुलाल त्यानं येऊन भिंतीला लावला.

तू लिहिलंस की लोकांना शेडाची एवढी भीती का वाटती ते तुला समजत न्हाय, सहा महिन्यांचाच प्रश्न हाय. नागपुरात बसून न्हाय समजायचं. आक्काताईचं माहेर धरणात गेलं. तिच्या भावाला पण सहा महिनेच सांगितले हुते. त्याची पोरं शेडात जन्मली, शेडात लग्नं झाली, भाऊ शेडातच गेला. तिरडी बाहेर काढताना पत्र्याची कड लागून एका खांदेकऱ्याचा हात कापला. आक्काताई ते दर वर्साला एकदा सांगती आणि दर वर्साला कापलेला हात वेगळ्या माणसाचा असतो, पण बाकी खरं हाय.

तिला तू कागदावर सहा महिने लिहून दिलेस. तिनं तो कागद वाचला न्हाय, वास घेतला आणि परत दिला.

पाऊस लई हाय. डोंगरावर कंपनीनं फेकलेल्या मातीचा ढीग रोज थोडा थोडा आमच्या ओढ्यात येतोय. तुझ्या आराखड्यात त्या ढिगाचा उतार काढून वर झाडं लावायची हायत म्हणे. लवकर लावा. माती तुमच्या आराखड्यासाठी थांबत न्हाय.

शालूबाई

&nbsp;

वरची वाडी
गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी

निशू,

हे पत्र पुरतं वाच. मधीच सोडू नको.

गणपती बसायच्या आधी आदर्श तुझा नवीन नकाशा घेऊन आलता. समाजमंदिराच्या भिंतीला लावला. डोंगराच्या पोटातले सगळे बोगदे त्यात रंगवलेले. लाल आधी भरायचे म्हणजे बुजवायचे, पिवळे त्याच्या मागनं, हिरवे सगळ्यात शेवटी. रस्ता आणि पाण्याची टाकी लाल. ढिगाखालचा भाग पिवळा. आणि आपली वाडी हिरवी, पोपटागत.

केरबा उठून म्हणाला, "म्हणजे आम्हाला हात लावत न्हाईसा?"

"पुढचा पावसाळा सरल्यावर," आदर्श म्हणाला. "तुमच्या काचा शाबूत हायत ना केरबादादा. म्हणजे वाडीखालचे दगडाचे खांब अजून वजन धरून हायत. जमीन जिथं हलतीय तिथं आधी भरावं लागतंय. भराव एका वर्सात सगळीकडं पुरत न्हाय."

केरबानं पेढे वाटले. मी पण खाल्ला. पेढा घशात अडकला असं लिहिलं तर तुला बरं वाटंल, पण तसं काय झालं न्हाय, नीट गेला खाली. उशिरानं कळणाऱ्यातली मी.

गौरी यायच्या दिवशी सकाळी वर्षाराणी गोठ्यात धार काढत हुती. तिची किंकाळी ऐकून मी चहा तसाच ठेवून पळाले. म्हशीचे मागचे दोन्ही पाय जमिनीत गेलते, मांडीपर्यंत. म्हैस ओरडत नव्हती. डोळे मोठे करून नुसती बघत हुती. चौघा गड्यांनी पोटाखालनं दोर घालून तिला ओढून काढली. खाली भोक. केरबा वाकला आणि मागं सरला. भोकातनं गार वारा येत हुता गं, फ्रीज उघडल्यागत. त्यानं दगड टाकला. आम्ही सगळे ऐकत उभे. दगड पडल्याचा आवाज आला तो एवढ्या उशिरा की वर्षाराणीनं तोवर माझा हात धरला हुता.

केरबा म्हणाला, "आवाज काढायचा न्हाय कुणी. दगड आणा."

"दगड कुठवर पुरणार रं?" मी म्हटलं.

"काकू, तुमी गप बसा. वर्षे, शेण कालव."

वरनं लोखंडी पत्रा टाकला, पत्र्यावर दगड, दगडावर माती, मातीवर शेणाचा सारवा. आणि त्या सारवणावर आक्काताईनं रांगोळीची गौरीची पावलं काढली, दारापासून गोठ्यापर्यंत. लक्ष्मी आली म्हणत आत न्हेली तिला. मी हळदीकुंकू घेऊन मागं हुते. त्या पावलांवर पाय पडू ने म्हणून आम्ही सगळ्या कडंकडंनं चाललो, आणि चालता चालता मला तो हिरवा रंग दिसायला लागला.

जमीन हलतीय तिथं आधी भरायचं, असं आदर्श म्हणाला. हलतीय आमचीच. आणि शेवटी पण आम्हीच. कुणामुळं?

तर आता वाच. काचा आम्ही बदलल्या. पहिली आक्काताईची तडकली, ज्येष्ठातच. तिनं फोटोची काच काढून लावली. दुसरी त्याच घरातली, केरबाच्या माजघरातली, मग पलीकडच्या घरातली, मग माझ्या स्वयंपाकघरातली. माझी दोनदा. नवी दिसू ने म्हणून चुलीची काजळी चोळली. सिमेटच्या गोळ्यावर तू तारीख घालून गेली हुतीस, ती तुझ्यागत फक्त मला लिहिता येत हुती, सगळ्या घरांत मीच लिहिली. तुझा चारचा आकडा बाहेरनं वळतोय, तसाच काढला. आदर्शनं फोटो काढले आणि म्हणाला, "छान हाय आजी." तवा मला लई मजा आली. शाळेत मास्तर मला कधी छान म्हणाला नव्हता.

आता रडत बसू नको आणि मला शिकवू पण नको. नकाशा बदल. वाडी लाल कर. तुझ्या साहेबाला सांग की शालूबाईनं फसवलं. बाकी कुणाचं नाव घ्यायचं न्हाय, घेतलंस तर मी नकार देणार. आणि हे पण लिहून ठेव, मला शेडात जायचं न्हाय. जावं लागणार ते मला कळतंय, पण जायचं न्हाय.

पत्र टाकायच्या आधी आक्काताईला सांगून आले. चोरून टाकलं असतं तर ते पण फसवणंच की. ती चटईवर बसली हुती, पायाला तेल लावत. ऐकून घेतलं सगळं.

"शाले," म्हणाली, "ते पत्र टाकलंस तर माझ्या दारात पाय ठेवू नको."

मी म्हटलं, "तुझं दार तरी कुठं राहणार हाय आक्के?"

तिनं तेलाची वाटी माझ्या अंगावर फेकली. साडीचा डाग काय निघायचा न्हाय.

पत्र टाकून आले.

शालूबाई

&nbsp;

वजनकाट्याजवळचं शेड
पितृपंधरवडा

निशू,

तुझं उत्तर आलं न्हाय, तहसीलदाराची गाडी आली. मागनं आदर्श, त्याच्या मागनं ट्रॅक्टर. संध्याकाळच्या आत सहा घरं मोकळी झाली. भांडी, ट्रंका, कणगी, देव्हारे. कंपनीच्या जुन्या वजनकाट्याजवळ पत्रे ठोकलेत, तिथनं लिहिते हाय. लाइट हाय, पंखा हाय, संडास पण बरा हाय. पत्र्यावर पाऊस पडला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत न्हाय, ती एक सोय.

आदर्शनं आधी घराघरात जाऊन काचा निरखल्या. माझ्या स्वयंपाकघरात पट्टीपाशी वाकला. नख लावलं, काजळी नखाला आली. कान तांबडे झाले त्याचे. मला म्हणाला, "आजी, ह्या फोटोंवर माझी सही हाय."

मी म्हटलं, "मग? सही तुझीच राहू दे, हात माझा हुता असं सांग."

"तसं सांगता येत न्हाय आजी."

त्यानंतर माझ्या हातचा चहा त्यानं घेतला न्हाय. त्याला नोकरीवरनं काढायचं न्हाय. एवढं तुला जमतंय का बघ. न्हाय जमलं तर तसं स्पष्ट लिही, मी त्याच्या घरी जाईन.

वाडीचं माझ्याशी बोलणं बंद हाय. नळावर मी गेले की बायका कळशी भरायच्या आधीच उचलून जात्यात. केरबा एकदा समोर येऊन म्हणाला, "काकू, पेढा परत द्या." मी म्हटलं, "उद्या सकाळी ये, मिळंल." तो हसणार हुता, पण त्यानं तोंड फिरवलं.

आक्काताईची खोली माझ्या खोलीला लागून. मधी एकच पत्रा. एवढी वर्सं दोन घरांत अंगण हुतं तवा आम्ही दिवसभर बोलायचो, आता एका विताचं अंतर हाय तर ती म्हशीशी बोलती. मोठ्यानं बोलती, मला ऐकू यावं म्हणून. "बघ गं म्हशे, काही माणसं बुडत्यात आणि जाताना शेजाऱ्याचा पदर पण ओढत्यात." मग मी माझ्या म्हशीला सांगते, "बघ गं, काहींना भोकात पाय जाईपर्यंत जमीन हाय असंच वाटतंय." दोन्ही म्हशी कंटाळल्यात.

काल तिच्या नवऱ्याची तिथी हुती. शेडाच्या कोपऱ्यावर पान ठेवलं. कावळा आला न्हाय. ती उभी राहिली, वर्षाराणी उभी राहिली, केरबा काव काव करून दमला. शेवटी पान गाईला घातलं. म्हाताऱ्याला नवीन पत्ता सापडला नसंल. हे मी मनात म्हटलं. तोंडातनं काढलं असतं तर तिनं पत्रा फोडून येऊन मारलं असतं.

तू का आली न्हाईस? वाडी तुझी, आराखडा तुझा, सहा घरं रिकामी करायचा कागद तुझ्या सहीचा. सभेत तोंडावर बोलले म्हणून मी वाईट. आणि तू तहसीलदाराची गाडी पाठवून नागपुरात बसलीस. दोघींत कोण जास्त वाईट ते तूच ठरव, मला हिशेब येत न्हाय.

शालूबाई

&nbsp;

वजनकाट्याजवळचं शेड
दसऱ्याचं सोनं वाटून झालं त्याच्या तिसऱ्या दिवशी

निशू,

पत्र पोचलं. ह्या वेळी लांब लिहिलंस. तुला लाज वाटली असं लिहिलंस त्याचं मी काय करू? आदर्शची नोकरी राहिली ते बरं झालं. ते आधी लिहायचं, बाकीचं मागनं.

कॅमेऱ्याचं तू लिहिलंस ते सगळ्यांना वाचून दाखवलं. गोठ्याच्या भोकातनं कॅमेरा खाली सोडला आणि आक्काताईच्या घराखालचा खांब उभा चिरलेला दिसला, अर्धा सांडून गेलाय, वगैरे. जोडाक्षरं आली तिथं अडखळले, पण वाचलं. केरबा म्हणाला, "कंपनीचा कॅमेरा, कंपनीला पायजे तेच दाखवणार." मग बाकीचे पण उठून गेले.

त्यांचं चुकत न्हाय. कारण घरं उभी हायत.

रोज सकाळी मी वर जाते. तार मारलीय, लाल फीत बांधलीय, तिच्या अलीकडं उभी राहते आणि बघते. हस्ताचा पाऊस एवढा कोसळला की खालच्या गावात शाळेची भिंत गेली, पण वाडीचा एक कौल हलला न्हाय. माझं घर तर आधीपेक्षा ताठ दिसतंय. अंगणात गवत वाढलंय, दारात दुपारी कुणाचं तरी कुत्रं झोपतंय. शेडात ऊनपाऊस सोसणाऱ्या सहा घरच्या माणसांना कुत्र्याला दाखवून काय सांगू?

वाटेत केरबा भेटला की विचारतो, "काकू, पडलं काय हो? पडलं की हाक मारा, बघायला येतो." रोज.

तुला एक सांगते, दुसऱ्या कुणाला सांगायची सोय न्हाय. मी बघायला जाते ती घर नीट हाय का ते बघायला जात न्हाय. पडलं का ते बघायला जाते. वळणावर आले की पाय भरभर उचलत्यात, आणि कौलं दिसली की मन खट्टू होतंय. ते घर तुझ्या आज्यानं आणि मी मातीच्या घमेल्यावर घमेली वाहून उभं केलं. तुझा बाप तिथं जन्मला. आणि आता ते पडावं म्हणून मी रोज चढ चढून जाते, माझं खरं व्हावं म्हणून. असली म्हातारी तू बघितलीस का कधी?

तू शिकलेली हाईस. मला सांग, काय मागू? पडलं तर सगळी वाडी माझ्याशी बोलणार, पण घर जाणार. राहिलं तर घर हाय, पण ह्या पत्र्यात मी मरेपर्यंत एकटी. दसऱ्याला सगळ्यांनी एकमेकांना आपट्याची पानं दिली. माझ्या हातात पान ठेवलं ते फक्त वर्षाराणीनं, सासूची पाठ असताना.

खांब पुरता कधी सांडणार ते कॅमेऱ्यात दिसतंय काय? न्हाय दिसत, मला म्हायत हाय. उगीच विचारलं.

शालूबाई

&nbsp;

वजनकाट्याजवळचं शेड
दिवाळी, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी

निशू,

गाड्या यायला लागल्या. फाउंड्रीतनं वापरून टाकलेली वाळू, शिरोलीकडनं. ह्याच डोंगरातनं पांढरी गेलती, लोखंडाच्या साच्यात जळून कोळशागत काळी होऊन परत आली. बायका उभ्या राहून बघत हुत्या. वर्षाराणी म्हणाली, "माहेरवाशीण दिसती, सासरी छळ झालेला." तवा पहिल्यांदा सगळ्या एकदम हसल्या, मी तिथं हाय हे विसरून.

काल आदर्शनं सगळ्यांना बोलावलं. काळी वाळू सिमेटमध्ये पातळ पिठल्यागत कालवून वाडीखाली सोडायची हाय. पण आतनं जायचा रस्ता ढासळलाय, त्यामुळं पाइप वरनंच घालावा लागणार. बोअर मारून. ते पिठलं आपसूक सगळीकडं पसरायचं तर पोकळीची सगळ्यात उंच जागा पायजे, आणि ती नेमकी मधल्या दोन घरांखाली हाय. एक केरबाचं, दुसरं माझं; दोन्हींपैकी एकातनं बोअर मारला की पुरतंय. बोअरची गाडी आत न्यायची तर त्या घराचं छप्पर उतरवायचं आणि पुढची भिंत पाडायची. काम झाल्यावर जमीन बसू द्यायची. तिथं परत बांधता येईल का, असं मी विचारलं. आदर्श म्हणाला, "बाकीची पाच घरं राहतील आजी. त्या एकाचं मी आज सांगू शकत न्हाय."

 केरबा आपल्या चपलेकडं बघत बसला. त्याच्याकडं कोण बघेना, माझ्याकडं कोण बघेना. आदर्श नकाशाची घडी घालायचा आणि उघडायचा.

मी म्हटलं, "माझ्यात मारा."

केरबा म्हणाला, "काकू, उपकार नको आमच्यावर."

"उपकार कसला बाबा? तुझ्या घरात धूळ उडाली तर तुझी आई वर्सभर खोकंल आणि पत्रा हाय मधी. झोपायचं कुणी?"

कुणी हसलं न्हाय. मग मागनं आक्काताईचा आवाज आला. काठी टेकत उठली हुती.

"कुठल्या खोलीत मारणार गं शाले?"

मला विचारलं. म्हशीला न्हवं.

"चुलीपाशी," मी म्हटलं.

"देवघर सोडा म्हणावं."

"देव हितं आणलेत की आक्के, तुझ्याच शेजारी बसलेत."

"व्हय की," ती म्हणाली आणि खाली बसली. एवढंच. आज सकाळी पत्र्याच्या पलीकडनं तिनं वाटीतनं कडबोळी सरकवली. तेल जास्त झालंय. सांगितलं तिला तसं.

आता तू काय करायचं ते सांगते. त्या घराचा पहिला दगड आपल्या घरच्या माणसानं ठेवला, तुझ्या पणजोबानं. मोडताना पण पहिला घाव आपल्याच घरच्या हाताचा पायजे. परक्या माणसानं येऊन मशीन लावलं असं मला चालणार न्हाय, मग आराखड्यात काय बी लिहिलेलं असू दे. बाबासोला विचारलं, तर त्याला टँकरची पाळी हाय, आणि पाळी नसती तरी त्यानं कुदळ आधी स्वतःच्या पायावर मारली असती.

मला मोठं मन दाखवायचं न्हाय, हे पण वाचून घे. ते घर पडायची वाट बघून बघून मी कंटाळले. रोज तारेपाशी उभं राहून आपल्याच घराला शाप देण्यापेक्षा एकदाच काय ते करून टाकावं. बाकीची पाच तरी घट्ट होतील. आक्काताईला मरायच्या आधी शेडातनं बाहेर काढायची हाय, तिच्या भावासारखं व्हायला नको. पत्र्याची कड लागून कुणाचा हात कापायला नको.

गाडी सोमवारी येणार हाय. तू शनिवारी ये. गाडीला उशीर होतो, सुट्टी मिळत न्हाय, साहेब सोडत न्हाय, हे काय कळवू नको. आदर्श पण कुदळ घेऊन तयार हाय, पण त्याला मी न्हाय म्हटलंय.

पहिला घाव तू घाल. दुसरा मी घालते. मग कुणाला काय करायचं ते करू दे.

आजी